ग्रामराज्याचे पुरस्कर्ते आणि इतिहासाची साक्ष

(श्रीमठाच्या वर्धापनोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्कृत पाठशाळेत व्याकरण आणि मीमांसा यांचे अध्ययन-अध्यापन करणाऱ्या मनुष्याने राज्यतत्त्वांविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांस आश्चर्य वाटेल. परंतु राज्यविचार आणि इतिहास यांचा संबंध आपल्या शास्त्रकारांनीच जोडून ठेविलेला आहे. कौटिल्याने राजपुत्राची दिनचर्या सांगताना दिवसाचा पूर्वभाग हत्ती, घोडे, रथ आणि शस्त्रे यांच्या विद्येस दिला असून उत्तरभाग इतिहासश्रवणास दिला आहे. इतिहास या शब्दाखाली त्याने पुराण, पूर्ववृत्त, आख्यायिका, उदाहरणे, धर्मशास्त्र आणि अर्थशास्त्र इतक्यांचा समावेश केला आहे. ज्याच्या हाती पुढे दंड यावयाचा, त्याला केवळ तत्त्व शिकवून भागत नाही. ते तत्त्व पूर्वी कोणी आचरिले, कोणी मोडिले आणि त्याचे फळ काय झाले, हेही त्याला ऐकविले पाहिजे, असा यातील आशय आहे. आज दंड एका राजपुत्राच्या हाती नाही. तो मतदाराच्या हाती आहे. म्हणून हे इतिहासश्रवणही मतदारावर, आणि त्याहून अधिक मतदारास उपदेश करणाऱ्यावर, येऊन पडले आहे.

सर्व राज्यतत्त्वांचा परामर्श एका व्याख्यानात घेणे शक्य नाही. म्हणून मी एकच तत्त्व घेतो. ग्रामराज्य हे ते तत्त्व होय. गावाचा कारभार गावाने पाहावा, आपल्या मूलभूत गरजांपुरते गाव स्वावलंबी असावे, आणि राज्याची इमारत शिखरापासून खाली न बांधता पायापासून वर बांधावी, असा हा विचार आहे. महात्मा गांधींनी 1909 साली 'हिंद स्वराज्य' लिहिले आणि 1942 साली 'हरिजन' पत्रातून आपल्या कल्पनेतील ग्रामस्वराज्याचे चित्र रेखाटले. 1951 साली तेलंगणातील पोचमपल्ली येथे आचार्य विनोबांना पहिले भूदान मिळाले आणि पुढे त्यातून ग्रामदानाची चळवळ निघाली. आपल्या शिष्यवर्गातही या विचाराचे पुष्कळ अनुयायी आहेत. मीही त्याच पक्षाचा आहे, हे आरंभीच सांगतो. कारण पुढे मी जे काही बोलणार आहे, ते विरोधकाच्या भूमिकेवरून नव्हे, स्वपक्षाच्या हितासाठी बोलणार आहे.

या पक्षाचे वक्ते बहुधा इतिहासापासूनच आरंभ करतात. आपली गावे म्हणजे पूर्वी लहान लहान प्रजासत्ताके होती, राजवंश आले आणि गेले पण गाव जसाच्या तसा राहिला, गावात सर्वांच्या मताने कारभार चाले आणि परकीय सत्तेने ही व्यवस्था मोडली, अशी त्यांची मांडणी असते. ऐकावयास हे गोड वाटते. परंतु मीमांसेच्या विद्यार्थ्यास पहिल्याच दिवशी एक भेद शिकवितात. वेदवाक्यांत विधी कोणता आणि अर्थवाद कोणता, हे आधी ठरवावे. विधी कर्तव्य सांगतो. अर्थवाद स्तुती करतो. स्तुतीचे वाक्य खोटे असते असे नव्हे, पण ते विधीच्या जागी ठेवून चालत नाही. इतिहासातील साधनांनाही हाच भेद लावून पाहिला पाहिजे.

लहान प्रजासत्ताके हे वर्णन मुळात कोणाचे? ते सर चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याचे आहे. 1830 साली गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलाचा सभासद असताना त्याने एक टिपण लिहिले. हिंदुस्थानातील ग्रामसंस्था ही छोटी प्रजासत्ताके होत, आणि जेथे दुसरे काही टिकत नाही तेथे त्या टिकून राहतात, असा त्याचा भावार्थ होता. प्रसंग होता जमीन महसुलाच्या वादाचा. सरकारने एकेका शेतकऱ्याशी स्वतंत्र करार करावा, की सबंध गावाशी करावा, हा प्रश्न होता, आणि मेटकाफ गावाशी करार करण्याच्या पक्षाचा होता. स्वपक्षाच्या समर्थनासाठी त्याने गावाची स्तुती केली. म्हणजे हा अर्थवाद झाला. पुढे हे व अशा प्रकारची वर्णने इतकी प्रसिद्धी पावली की, एकाच चित्रावरून परस्परविरुद्ध निष्कर्ष निघू लागले. गांधीजींच्या अनुयायांस त्यात आदर्श दिसला. उलट कार्ल मार्क्सने 1853 साली अमेरिकन वृत्तपत्रात लिहिलेल्या लेखात याच ग्रामसंस्थांना पौर्वात्य एकतंत्री सत्तेचा पाया ठरविले. जे वर्णन दोन्ही पक्षांना सारखेच उपयोगी पडते, त्याने कोणाचाच पक्ष सिद्ध होत नाही.

आता विधीच्या स्वरूपाचे एक साधन पाहू. तमिळ देशात कांचीपुरम जिल्ह्यात उत्तरमेरूर नावाचा गाव आहे. तेथील वैकुंठ पेरुमाळ मंदिराच्या भिंतीवर चोळ राजा पहिला परांतक याच्या कारकिर्दीच्या बाराव्या व चौदाव्या वर्षांतील, म्हणजे सुमारे इसवी सन 919 व 921 मधील, दोन लेख कोरलेले आहेत. गावाच्या कारभारासाठी मंडळे कशी निवडावी, याचे नियम गावच्या महासभेनेच त्यांत घालून दिले आहेत. गावाचे तीस विभाग करावे. प्रत्येक विभागातील पात्र व्यक्तींची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहावी आणि ते तुकडे घटात टाकावे. मग आबालवृद्ध सभा भरवून, सर्व पुजाऱ्यांच्या समक्ष, त्यांतील वृद्धाने घट उचलून धरावा, आणि काही न जाणणाऱ्या बालकाकडून त्यातील एक पत्र काढवावे. ते पत्र मध्यस्थाने पाचही बोटे पसरून उघड्या तळहातावर घ्यावे आणि वाचावे. मग उपस्थित पुजाऱ्यांनीही वाचावे. अशा रीतीने वार्षिक मंडळ, उद्यानांचे मंडळ आणि तलावाचे मंडळ निवडले जाई आणि ते 360 दिवस काम पाही.

बंधुभगिनींनो, अकराशे वर्षांपूर्वीच्या एका गावाने निवडीच्या शुचितेविषयी इतकी दक्षता घ्यावी, याचा कोणास अभिमान वाटणार नाही? पाच बोटे पसरण्याचा नियम पाहा. मध्यस्थाच्या मुठीत दुसरे पत्र लपलेले नाही, हे सर्वांच्या डोळ्यांना दिसले पाहिजे, एवढाच त्याचा हेतू असणार. परंतु जो वक्ता येथे थांबतो आणि ही पाहा आमची प्राचीन लोकशाही असे म्हणून टाळ्या घेतो, त्याने लेख पुरता वाचलेला नसतो. पात्रतेचे नियम त्याच लेखात आहेत. उमेदवाराजवळ करदेय अशी पाव वेलीहून अधिक जमीन असली पाहिजे. स्वतःच्या जागेवर बांधलेले घर पाहिजे. वय पस्तीस ते सत्तर पाहिजे. आणि मंत्रब्राह्मणाचे ज्ञान पाहिजे. वेदाबरोबर भाष्याचेही अध्ययन केलेल्यास जमिनीची मर्यादा अर्ध्यावर आणली आहे. हा गाव ब्राह्मणांना दान दिलेला अग्रहार होता आणि ही सभा त्या ब्राह्मण भूधारकांची होती. गावात राहणारा कूळ, मजूर, कारागीर यांस त्या घटात स्थान नव्हते. कोणत्याही स्त्रीला नव्हते. निवड मतांनी नव्हे, चिठ्ठीने होई. राजाचा अधिकारीही या निर्णयाच्या वेळी सभेत उपस्थित होता, असे लेखच सांगतो.

न्यायशास्त्रात लक्षणाचे दोष सांगताना अतिव्याप्ती आणि अव्याप्ती हे शब्द येतात. उत्तरमेरूरच्या सभेस आजच्या अर्थाने लोकशाही म्हणणे ही अतिव्याप्ती होय. जेथे तो धर्म नाही तेथे आपण तो लावतो. आणि ती सभा ब्राह्मणांची होती म्हणून तिच्यात शिकण्यासारखे काहीच नाही असे म्हणणे ही अव्याप्ती होय. जेथे खरोखर गुण आहे तेथून आपण तो वगळतो. इतिहासाचे ज्ञान या दोन्ही दोषांपासून वाचविते. ते आपणास नेमके सांगते की, सार्वजनिक निवड, अल्प मुदत, पदांची फेरपालट आणि हिशेबाची सक्ती या गोष्टी या भूमीत पूर्वी होत्या. पण समान अधिकार नव्हता. यातील पूर्वार्ध अभिमानाने सांगावा आणि उत्तरार्ध न लपविता सांगावा. पहिला उच्चारून दुसरा गिळणारा वक्ता सभा जिंकील. परंतु त्याच सभेतील एखादा तरुण उद्या तो लेख वाचील, आणि मग त्याचा विश्वास वक्त्यावरून उडेलच, शिवाय ग्रामराज्यावरूनही उडेल. असत्य साक्षीने पक्षाची हानी होते ती अशी.

या लेखातील माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग तर अजून सांगावयाचाच आहे. पूर्वी मंडळावर असून ज्यांनी हिशेब दिला नाही, ते अपात्र. इतकेच नव्हे, त्यांचे मावसभाऊ, आतेभाऊ, मामा, मेहुणे, सासरा, जावई अशी नात्यांची लांब यादी देऊन तेही अपात्र ठरविले आहेत. परधनाचा अपहार करणारे अपात्र. मागील तीन वर्षांत मंडळावर असलेले अपात्र. मीमांसकांचे असे म्हणणे आहे की, जे प्रसक्त असते, म्हणजे घडण्याचा संभव असतो, त्याचाच निषेध संभवतो. जे कधी घडतच नाही त्याचा निषेध कोणी करीत नाही. या न्यायाने वाचले तर ही यादी काय सांगते? गावचा पैसा खाऊन हिशेब न देणारे लोक त्या गावात होते. ते स्वतः बाजूस होऊन आपल्या मेहुण्यास वा जावयास पुढे करीत. आणि तीच ती माणसे पुनःपुन्हा पदे बळकावीत. सभेने तर स्पष्टच म्हटले आहे की, दुष्टांचा नाश व्हावा आणि इतरांची भरभराट व्हावी म्हणून ही व्यवस्था केली आहे. शिवाय बाराव्या वर्षी केलेला नियम दोनच वर्षांत बदलून अधिक कडक करावा लागला. म्हणजे सुवर्णयुगातील त्या गावासही आजच्या गावाचेच रोग होते. त्याचे मोठेपण रोगापासून मुक्त असण्यात नव्हते, तर रोग ओळखून त्यावरचा उपाय मंदिराच्या भिंतीवर सर्वांच्या दृष्टीसमोर कोरण्यात होते.

ग्रामराज्याच्या पुरस्कर्त्याने हे ज्ञान आत्मसात केले तर त्याचे भाषणच बदलेल. पूर्वी सर्व उत्तम होते, ते परत आणू, असे म्हणण्याऐवजी तो म्हणेल: गावाच्या हाती सत्ता दिली की नातेवाइकांची साखळी तयार होते, हे आमच्या पूर्वजांस ठाऊक होते, म्हणून सत्तेबरोबर हिशेबही गावापुढे आणा. हे बोलणे टाळ्या कमी मिळवील, परंतु ज्या गावात नळाच्या पैशाचा किंवा रस्त्याच्या कंत्राटाचा तंटा चालू आहे, त्या गावाच्या ते थेट उपयोगी पडेल.

दूर तमिळ देशाचे उदाहरण पुरे. आता आपल्या घरी येऊ. गोमंतकातील गावकारीची संस्था आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. पोर्तुगीज अंमलातील महसुलाचा प्रमुख अधिकारी अफोंसो मेशिया याने 1526 साली गोवे बेटातील गावकार व शेतकरी यांचे रीतिरिवाज एका फोरालात, म्हणजे सनदेत, लिहवून घेतले. म्हणून ही संस्था पोर्तुगीजांपूर्वीची आहे, हे निर्विवाद ठरते. गावची जमीन समाईक. ती पावणीने खंडाने द्यावयाची. उत्पन्नातून प्रथम राज्याचा कर, नंतर बांध, देऊळ व गावचे सेवक यांचा खर्च, आणि शेष उरेल ते गावकारांत जोण म्हणून वाटावयाचे. खाऱ्या पाण्यापासून खाजन जमिनी राखणारे बांध शतकानुशतके टिकले ते या समाईक जबाबदारीमुळे. एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातील ते काम नव्हे. ग्रामराज्याच्या बाजूने याहून अधिक बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

पण हाही पुरावा पुरता वाचला पाहिजे. गावकार म्हणजे गावातील सर्व रहिवासी नव्हेत. मूळ वसाहत करणाऱ्या कुळांचे पुरुष वंशज तेवढे गावकार. त्यांच्या वांगडांनुसार सभेत बोलण्याचा अधिकार. भाटकाराच्या जागेत झोपडी बांधून राहणारा मुंडकार, खंडाने शेत कसणारा कूळ, आणि कोणत्याही घरातील स्त्री यांस सभेत जागा नव्हती. आणखी हेही ध्यानात ठेविले पाहिजे की, फोराल हा परकीय सत्तेने करवसुलीच्या सोयीसाठी केलेला लेख आहे. त्यात करासंबंधीच्या गोष्टी ठळक असणार आणि इतर गोष्टी अंधुक असणार. पुढे साडेचारशे वर्षे या संस्थेवर सरकारी नियमांचे थर चढत गेले, आणि 1961 सालच्या एप्रिलमध्ये, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या काही महिने आधी, तिच्यासाठी अखेरची पोर्तुगीज संहिता निघाली. मुक्तीनंतर 1964 साली कुळकायदा आणि 1975 साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. ज्यांना गावाच्या सभेने आवाज दिला नव्हता, त्यांना विधानसभेकडे जावे लागले. हा इतिहास ज्याला माहीत नाही, तो मुंडकारांच्या वाड्यावर जाऊन जुन्या गावकारीचे गुणगान करील आणि लोक आपल्यापासून दूर का जातात, याचा उलगडा त्याला होणार नाही.

घाटावरील मराठी मुलुखाचीही गोष्ट वेगळी नाही. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, गोतसभा आणि तिने दिलेला महजर हे सर्व होते, आणि गोतसभेच्या निवाड्यांतून न्यायाची चांगली परंपरा दिसते. परंतु गाव बेटासारखा एकाकी नव्हता. त्याच्यावर देशमुख-देशपांडे होते, परगणा होता, बाजारपेठ होती. तो अचलही नव्हता. 1630 सालच्या दुष्काळात दख्खनमधील गावेच्या गावे ओस पडली आणि कौल देऊन पुन्हा वसवावी लागली. पाटिलकीचे वतन विकल्याचे आणि विकत घेतल्याचे कागद उपलब्ध आहेत. मिरासदाराचा अधिकार वेगळा आणि उपऱ्याचा वेगळा. महाराला वतन होते, पण त्या वतनाने त्याला कशा वेठीस बांधले होते, हे दाखविण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले.

डॉ. आंबेडकरांचे नाव आले, तेव्हा संविधान सभेतील वादाचे स्मरण करणे क्रमप्राप्त आहे. कारण आमच्या पक्षाची खरी परीक्षा तेथेच झाली. 4 नोव्हेंबर 1948 रोजी मसुदा मांडताना त्यांनी ग्रामसंस्थेवर कठोर टीका केली. मेटकाफच्या त्या वर्णनाचाही त्यांनी परामर्श घेतला. गावे टिकून राहिली असतील, परंतु नुसते टिकणे म्हणजे मोठेपण नव्हे. गाव हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीय वृत्तीचे आगर आहे, असा त्यांचा आरोप होता. अनेक सभासद दुखावले. 22 नोव्हेंबरला त्यावर चर्चा झाली. मद्रासचे टी. प्रकाशम यांनी हजार वर्षांपूर्वीच्या निवडणूक पद्धतीचा पुरावा म्हणून उत्तरमेरूरच्या त्याच शिलालेखाचा दाखला दिला. के. संथानम यांची दुरुस्ती डॉ. आंबेडकरांनी स्वीकारली आणि ग्रामपंचायतींचा पुरस्कार करणारे मार्गदर्शक तत्त्व संविधानात आले. तेच आजचे 40 वे कलम होय.

या प्रसंगातून मला एक गोष्ट विशेष शिकण्यासारखी वाटते. ग्रामसंस्थेचा हा प्रखर टीकाकार इतिहासाकडे पाठ फिरवून बोलत नव्हता. पुढच्याच वर्षी, 25 नोव्हेंबर 1949 च्या समारोपाच्या भाषणात, त्याच आंबेडकरांनी या देशात प्राचीन काळी गणराज्ये होती हे सांगितले; बौद्ध भिक्षुसंघात आसनव्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतगणना असे सभासंचालनाचे नियम होते आणि ते तत्कालीन राजकीय सभांवरून घेतलेले असावेत, असेही सांगितले. आणि लगेच प्रश्न विचारला की, एकदा गमावलेली ही पद्धती भारत दुसऱ्यांदा गमावणार काय? त्याच भाषणात त्यांनी असाही इशारा दिला की, धर्मात भक्ती हा मोक्षाचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात व्यक्तिपूजा अधःपाताकडे नेते. भक्तिमार्गी मठाच्या सभेत हे वाक्य सांगण्यास मला संकोच वाटत नाही; कारण श्रीगुरूंपुढे नमणारे मस्तक गावच्या सरपंचापुढे नमू नये, यात गुरूंचाही सन्मान आहे.

गणराज्ये नष्ट का झाली, हेही आपल्या ग्रंथांत नोंदलेले आहे. शांतिपर्वात युधिष्ठिराने गणांविषयी विचारले असता भीष्मांनी सांगितले की, गणांचा नाश बाहेरच्या शत्रूपेक्षा आतील भेदाने होतो. कौटिल्याने तर अकराव्या अधिकरणात, लिच्छवी, वृजी, मल्ल आदी संघांची नावे घेऊन, संघात फूट कशी पाडावी याचे उपाय सांगितले आहेत. प्राचीन गणराज्यांच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून आमचे वक्ते कौटिल्याचे हे अधिकरण दाखवितात. परंतु ते अधिकरण गणांच्या रक्षणासाठी लिहिलेले नसून त्यांच्या भंगासाठी लिहिलेले आहे, ही गोष्ट ते सांगत नाहीत. वास्तविक पुरस्कर्त्याला याचाच अधिक उपयोग आहे. शत्रूने आपल्या कोणत्या सांध्यावर घाव घातला, हे कळल्यावाचून तो सांधा मजबूत कसा करणार?

1992 साली संसदेने 73 वी घटनादुरुस्ती संमत केली आणि ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली. तिच्याकडे या इतिहासाच्या प्रकाशात पाहावे. ग्रामसभेत गावातील प्रत्येक मतदार आला. अनुसूचित जाती व जमाती यांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखल्या. स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा राखल्या. पाच वर्षांची मुदत ठरली. हिशेब ठेवणे व त्यांची तपासणी यांसाठी स्वतंत्र कलम घातले. उत्तरमेरूरच्या घटात ज्यांच्या नावाची ताडपत्रे कधी पडली नाहीत आणि गावकारांच्या सभेत ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी येथे दार उघडले. आणि हिशेबाविषयी त्या सभेची जी तळमळ होती ती येथेही राहिली. ही जुन्या व्यवस्थेची पुनःस्थापना नव्हे. जुन्यातील जे टिकाऊ ते राखून जे अपुरे ते पुरे करण्याचा हा यत्न आहे. पुनःस्थापना म्हणून तिचे समर्थन करणारा मनुष्य राखीव जागांस परंपरेतील विघ्न समजेल. इतिहास जाणणारा त्याच जागांत परंपरेची राहिलेली पूर्तता पाहील. एकाच कायद्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत आणि त्यांतील अंतर केवळ ज्ञानाचे आहे.

येथे कोणी शंका घेईल की, इतका छिद्रान्वेषी इतिहास शिकविला तर अनुयायांचा उत्साह मावळेल. तत्त्व न्याय्य असेल तर त्याला भूतकाळाच्या आधाराची गरजच काय? या शंकेत काही तथ्य आहे. गावाने आपला कारभार पाहावा हे तत्त्व पूर्वी कोणी पाळले होते म्हणून खरे ठरत नाही, आणि कोणी पाळले नव्हते म्हणून खोटेही ठरत नाही. कर्तव्याचे प्रामाण्य भूतकाळावर अवलंबून नसते. परंतु औषध गुणकारी असले तरी ते कोणत्या प्रकृतीला, कोणत्या अनुपानाने द्यावे हे वैद्याला पूर्वीच्या रुग्णांवरूनच कळते. तत्त्वाचा पुरस्कर्ता हा तसा वैद्य आहे. राहिला उत्साह. अज्ञानावर उभा असलेला उत्साह पहिल्या प्रतिप्रश्नास कोसळतो. आपल्या पाठशाळेत पूर्वपक्ष मांडताना प्रतिपक्ष्याचे म्हणणे त्याच्यापेक्षाही समर्थपणे मांडावे लागते, आणि मगच सिद्धान्ताला स्थान मिळते. ही शिस्त ब्रह्मविचारात आवश्यक आणि राज्यविचारात अनावश्यक, असे कसे म्हणता येईल?

शेवटी, येथे बसलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या हातची एक गोष्ट सांगतो. इतिहास केवळ मोठ्या शिलालेखांत नसतो. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर, पेटाऱ्यात जुने कागद आहेत: खंडाच्या पावत्या, बांधाच्या खर्चाच्या नोंदी, देवस्थानच्या वह्या, वाटणीपत्रे, मोडीतील पत्रे, पोर्तुगीज शिक्क्याचे दाखले. घर पाडून नवे बांधताना ते केरात जातात किंवा वाळवीच्या मुखी पडतात. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य वेचून गोव्याच्या दप्तरखान्यातील कागद उजेडात आणले. परंतु दप्तरखान्यात बहुधा सत्तेचे कागद असतात. कुळाची बाजू, मुंडकाराची बाजू, घरातील विधवेच्या हक्काची बाजू कळावयाची तर ती अशा घरगुती कागदांतूनच. माझी नम्र विनंती आहे की, मोडी न वाचता आली म्हणून कागद निरुपयोगी समजू नये. ते कोरड्या जागी, कापडात बांधून ठेवावे. ज्याला वाचता येते त्याच्याकडून त्यांची यादी करून घ्यावी. आणि एखाद्या कागदात आपल्या पूर्वजांची लबाडी दिसली, कोणा गरिबाची जमीन गिळल्याची नोंद सापडली, तर तोच कागद सर्वांत आधी जपावा. उत्तरमेरूरच्या सभेने आपल्याच लोकांचे दोष देवाच्या भिंतीवर कोरण्यास लाज मानली नाही.

गावाचे राज्य गावाच्या हाती यावे, अशी आपली इच्छा आहे. ती सफल व्हावयाची तर येत्या ग्रामसभेला आपण जावे, आणि गौरवाची भाषणे संपल्यावर हिशेबाची वही मागावी. त्या सभेत आजवर कोणाचा आवाज ऐकला गेला नाही, हेही तेथेच विचारावे. श्रीगुरुकृपेने आपणा सर्वांस ही सत्यनिष्ठ बुद्धी लाभो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

इति शम्।